उजवी पायरी

सोळा वर्षं मी हणजुणीत विजेचे मीटर वाचले.
पिएदाद मास्कारेन्यसचा मीटर बाल्कांवात,
आणि बाल्कांवाच्या अंगाला, फणसाखाली, ती:
टपावर पाचोळा, पोटात कोंबड्या,
स्टिअरिंग डावीकडे.
भाड्याच्या बदल्यात कोणी डच जोडपं सोडून गेलेलं.
"येतो म्हणाले होते," पिएदाद सांगायची
आणि कोंबड्यांना हुसकायची.

दर महिन्याला मी आधी तिच्याकडे बघायचो, मग आकड्याकडे.
एकदा आकडा चुकला त्यापायी.
तक्रार आली नाही.

घर विकलं गेलं तेव्हा भंगारवाल्याच्या भावावर
दोन हजार चढवून
मी ती म्हापशाला ओढून आणली.
सुलक्षा दारातून म्हणाली, कोंबड्या नाही दिल्या?

मग कळलं, हिला वय आहे, साल नाही.
म्हणजे आहे, बहात्तर.
पण पुढून बघाल तर इंडिकेटर खाली, बंपरला लागून, जुन्या तऱ्हेचे,
आणि मागे गेलात तर दिवे उभे, मोठे,
पुढल्या सालांतले.
त्या वर्षी कारखान्यात
जुनं संपलेलं नव्हतं
आणि नव्याला दम नव्हता.
सुटे भाग विकणारा कोइमतुरातून फोनवर विचारायचा,
"आधीचं की नंतरचं?"
मी म्हणायचो, कुठल्या बाजूनं?
तो फोन ठेवायचा.

मला हे नवं नव्हतं.
चकतीचे मीटर जाऊन आकड्यांचे आले त्या दोन वर्षांत
माझ्या पिशवीत दोन वह्या असत.
एका घरी चकतीची लाल रेघ फिरून येईतो उभं राहायचं,
शेजारच्या घरी आकडे लुकलुकायची वाट बघायची.

रस्त्यात लोक थांबवतात.
हिप्पींची का? लग्नाला देणार का?
रंगाचं कौतुक करतात. रंग मीच दिलाय,
होडीचा, उरलेला.

पण रायबंदरच्या फेरीबोटीवर एकजण काहीच बोलला नाही.
पुढे वाकला, इंडिकेटर पाहिले,
चालत मागे गेला,
दिव्याला वीत लावली,
आणि परत येऊन म्हणाला, "बहात्तर."
प्रश्नचिन्ह नव्हतं त्याला.
बोट चोडणला टेकली, मागच्या स्कूटर बोंबलू लागल्या,
आम्ही दोघं तिच्या पोटाखाली.

उबाल्द फुर्तादो, कुडतरीचा.
तीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत गेलेली,
म्हणून शांततेतही ओरडून बोलतो.
त्याचीही बहात्तरचीच, पण डब्यांत:
बिस्किटांचे सतरा डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी,
"पुढून", "पाठून",
एकावर नुसतंच "देवाक खबर".

पुढल्या रविवारी मी कुडतरीला गेलो.
पुढच्या बंपरला पाय द्यायची पायरी असते कोपऱ्यात,
तिची एक जादा जोडली होती मी, फडक्यात गुंडाळून नेली.
त्यानंही एक जादा काढली, वर्तमानपत्रातून.
दोन्ही डाव्या.
उजवा कोपरा दोघांचाही केव्हाच गेलेला:
स्टिअरिंग डावीकडे, रस्ताही डावीकडून,
समोरचा ट्रक दिसेपर्यंत
तो कोपरा आपला राहिलेला नसतो.
टेबलावर त्या, दोन डाव्या चपलांसारख्या.
उबाल्द खोकला येईपर्यंत हसला,
मग आतून उर्राक आणली.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन.
काणकोणात, एका गोठ्यात,
भाच्याच्या सासऱ्यानं पाहिलीय.
"पुढून?"
"पुढून नारळाची सोडणां रचल्यात. पाठून पाहिली."
"दिवे?"
"मोठे."
दोघंही गप्प. तारेत नुसती त्याची धाप.
"आणि उजवी पायरी?"
"सोडणां काढूक जाय."
"किती असतील?"
"गोठाभर."

मी घड्याळ पाहिलं.
सुलक्षा उशीवरूनच म्हणाली,
हातमोजे घे. विंचू असतात सोडणांत.